मांजराच्या पांढऱ्या पेशी: आकडा आधी तपासा, मग कॅन्सर म्हणा

समजा, मांजराच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमागे २८,००० आहेत आणि त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १२,०००. मांजरात साधारण ५,५०० ते १९,५०० पर्यंतचा आकडा ठीक धरतात, म्हणून पालक घाबरलेले असतात. पण पहिला प्रश्न पालकांना नाही, आपल्यालाच, म्हणजे डॉक्टरांनी स्वतःला, विचारायचा: रक्त घेताना मांजर किती ओरबाडत होतं? मांजराच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या न्यूट्रोफिलचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) साठा वाहत्या रक्तातल्या न्यूट्रोफिलच्या सुमारे तिप्पट असतो. भीतीने ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढलं की तो प्रवाहात उतरतो, आणि त्याच धक्क्यात लिम्फोसाइटही भराभर चढतात, विशेषतः लहान वयाच्या मांजरात. मांजर शांत झालं की आकडा पुन्हा खाली येतो. कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचा परिणाम वेगळा: त्यात न्यूट्रोफिल वाढतात, पण लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटतात. हे दोन नमुने गोंधळू नका.

दुसरा संशयित म्हणजे मशीन. मांजराचे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चटकन गुठळ्या करतात, आणि इम्पिडन्स पद्धतीचं (विजेच्या अडथळ्यावरून पेशी मोजणारं) मशीन या गुठळ्यांनाच पांढऱ्या पेशी समजून मोजू शकतं. म्हणजे प्लेटलेट खोटे कमी, पांढऱ्या पेशी खोट्या जास्त. सुई एकदाच, नेमकी शिरेत जायला हवी, आणि ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) बाटली खुणेपर्यंत भरायला हवी. रक्त घेतल्या घेतल्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड तिथेच ओढा, आणि तिच्या पिसासारख्या पातळ कडेला गुठळ्या शोधा. केंद्रक असलेल्या (अपक्व) लाल पेशी दिसल्या तर दुरुस्ती करा, कारण मशीन त्यांनाही पांढऱ्या पेशींत मोजतं: एकूण आकडा गुणिले १००, भागिले (१०० अधिक दर १०० पांढऱ्या पेशींमागे त्यांची संख्या). ३०,००० पेशी आणि शंभरामागे अशा ५०, तर खरा आकडा २०,०००. या पेशी आहेत पण लाल पेशींची नवनिर्मिती दिसत नाही, तर बोनमॅरो (हाडांतला, रक्तपेशी बनवणारा मगज) बिघडल्याची शंका घ्या.

आता स्लाइडवरचं चित्र. मोठ्या पेशी, मऊ क्रोमॅटिन (केंद्रकातला द्रव्यभाग), ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका), म्हणजे ब्लास्ट, अर्थात अपक्व पेशी: ही तीव्र ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) खूण. म्हाताऱ्या, वरवर बऱ्या दिसणाऱ्या मांजरात छोटे, पक्व लिम्फोसाइट महिनोन्महिने वाढलेले राहतात, तेव्हा ल्युकेमियाचा दीर्घकालीन प्रकार मनात ठेवा. एक सापळा असा, की तीव्र ल्युकेमियात पांढऱ्या पेशी कमी किंवा नॉर्मलही असू शकतात. म्हणून आकडा बरा, पण ॲनिमिया वाढतोय आणि प्लेटलेट खरोखर कमी, तर चौकशी थांबवू नका. उलट लस न झालेल्या पिल्लात उलट्या-जुलाब आणि पेशी २,००० च्या खाली असल्या, तर आधी पॅनल्युकोपेनियाची (पांढऱ्या पेशी घटवणाऱ्या विषाणूजन्य आजाराची) चाचणी.

प्रत्येक संशयित मांजरात एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) तपासाच. एफईएलव्हीच्या पी२७ ॲन्टिजेनची (विषाणूच्या प्रथिनाची) चाचणी ताज्या संसर्गात निगेटिव्ह येऊ शकते. सहा आठवड्यांनी पुन्हा करा. संशय कायम असेल तर प्रोव्हायरससाठी (पेशीच्या डीएनएत शिरलेल्या विषाणूसाठी) पीसीआर ही जनुकीय चाचणी.

बोनमॅरो काढायला मांजरात खांद्याजवळचं दंडाचं हाड सोयीचं असतं. मॅरो झटकन गोठते, त्यामुळे स्लाइड आधीच मांडून ठेवा. ब्लास्ट २० टक्क्यांहून जास्त, तर तीव्र ल्युकेमिया. फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी) करायची असेल, तर आधी लॅबला फोन करा: नमुना ताजा हवा, थंड हवा, पण बर्फासारखा गोठलेला नको. आणि हे सगळं होईपर्यंत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू करू नका. गोळी लिम्फोसाइट मारते, मांजर दोन दिवस बरं वाटतं, आणि मग स्लाइडवर ओळखायला काही उरत नाही.