कोलोन कॅथेड्रल: मनोऱ्यावरची क्रेन

जर्मनीतल्या कोलोन स्टेशनातून बाहेर पडलात की कॅथेड्रल शोधावं लागत नाही. ते अंगावरच येतं. मान मागे टाका... अजून मागे. दोन मनोरे, १५७ मीटर उंच, धुरानं काळवंडलेले. फोटोत अख्खं मावत नाही. चौकात लोक चक्क आडवे पडून कॅमेरा लावतात.

कॅथेड्रल बांधायचा खटाटोप मुळात एका पेटीसाठी. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या म्हणून पूजल्या जाणाऱ्या अस्थी ११६४ मध्ये आर्चबिशप राइनाल्डनं मिलानहून इथे आणल्या. आणल्या म्हणजे, जिंकलेल्या शहरातून उचलल्या! यात्रेकरूंची रीघ लागली. १२४८ मध्ये नव्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला. अस्थींची ती सोनेरी पेटी आजही मुख्य वेदीमागे आहे.

वेदीकडचा भाग १३२२ मध्ये पुरा झाला. दक्षिणेचा मनोरा चढू लागला, आणि १५६०च्या सुमारास सगळंच थांबलं. पैसा आटला होता. अर्ध्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच राहिली. आत माणसं चालवून फिरवायच्या चाकाची, दगड वर ओढणारी. कामाचं भिजत घोंगडं पडलं ते जवळजवळ तीनशे वर्षं. शहराच्या जुन्या चित्रांत ओळखीची खूण म्हणून दिसते ती हीच क्रेन.

मग १८१४ मध्ये डार्मस्टाट या जर्मन शहरातल्या एका माळ्यावर चर्मपत्र सापडलं. त्यावर म्हणे शेंगा वाळत घालत. निघाला तो कॅथेड्रलच्या दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा, अर्धा! उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये मिळाला. जोडून पाहिलं, तर उंची चार मीटर.

१८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, त्याच रेषांवरून. छताचा सांगाडा मात्र लोखंडाचा. लबाडी म्हणा किंवा शहाणपण. १८६८ मध्ये जुनी क्रेन उतरवली. १८८० मध्ये कळस चढला. पायाला तोवर ६३२ वर्षं झाली होती.

चला आत. दुपारचं ऊन असेल तर दक्षिणेच्या खिडकीखाली थांबा. चित्रकार गेरहार्ड रिश्टरची ही खिडकी २००७ची. ना संत, ना कथा. नुसते रंगीत काचेचे चौकोन, ७२ रंगांचे, अकरा हजारांवर. फरशीवर सांडलेल्या त्या रंगांत मुलं पाय टाकून बघतात.

आता बाहेर येऊन पुन्हा वर पाहा. तिकडे, मनोऱ्याच्या कडेला. परांची बांधलेली दिसते? दगड झिजतात, बदलावे लागतात. कॅथेड्रलचे पाथरवट आजही कामावर आहेत.