मेलेल्याचं पुढे काय होतं?

मित्रहो, व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरून पहिला मोठा गदारोळ झाला तो १९७६ साली, अमेरिकेत. ‘डेथ रेस’ नावाचा आर्केड गेम होता, म्हणजे दुकानातल्या यंत्रात नाणं टाकून खेळायचा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काड्यांची माणसं पळायची आणि खेळणाऱ्यानं स्टिअरिंग फिरवून त्यांना गाडीखाली चिरडायचं. किंकाळी ऐकू यायची आणि त्या जागी एक क्रूस उभा राहायचा. ही माणसं नाहीत, भुतंखेतं आहेत, असं कंपनीनं सांगून पाहिलं. लोक ऐकेनात. रणगाडे फोडायचे गेम त्याआधीही होते, त्यांच्यावर एवढं काहूर उठलं नव्हतं. मला वाटतं, खरी बोच त्या क्रूसाची होती. मेलेला नाहीसा होत नव्हता. त्याची खूण मागे राहायची आणि पुढे गाडीच्या वाटेत आडवी यायची.

तेव्हापासून बहुतेक समाजांनी एकच उपाय केलाय: खूण पुसायची. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम १९९३ मध्ये घरोघरी पोचला, तेव्हा घरी खेळायची गेमयंत्रं विकणाऱ्या निन्टेंडोनं रक्ताचा रंग करडा केला, म्हणजे तो घाम वाटावा. ठोसे तेच राहिले. तिची प्रतिस्पर्धी कंपनी सेगानं रक्त एका गुप्त कोडमागे ठेवलं आणि त्यांचाच गेम जास्त खपला. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि १९९४ पासून तिथे गेमच्या खोक्यावर वयोगटाचा शिक्का आला.

जर्मनीत ‘हाफ-लाइफ’ हा गोळीबाराचा गेम विकायचा तर त्यातले सैनिक माणसांऐवजी यंत्रमानव करावे लागले. त्यातल्या एखाद्या शास्त्रज्ञावर गोळी झाडली, तर तो मान हलवत खाली बसायचा. जपानमध्ये गोळीबाराला फारशी हरकत नसते, पण तुटलेलं मुंडकं दाखवायला कडक बंधनं आहेत. अमेरिकेचा धाक आणखी वेगळा. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये रस्त्यात कुणालाही मारता येत होतं, तेव्हा त्याला १७ वर्षांवरच्यांचा शिक्का होता. २००५ मध्ये त्यात दडवलेलं एक लैंगिक दृश्य सापडलं आणि लगेच तो फक्त प्रौढांसाठी ठरला. ज्याला जे बघवत नाही, ते तो कापतो.

गेम खेळून मुलं मारेकरी होतात का, हा प्रश्न इथे येणारच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की, प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी मात्र थोडासा संबंध दिसतो, असंही त्यांनी नोंदवलं. हे मला पटतं, आणि त्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही.

मला अस्वस्थ करतो तो चीनमधला २०१९ चा ‘गेम फॉर पीस’. शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात, शेवटी उरेल तो जिंकला. यात गोळी लागलेला पडत नाही. तो गुडघ्यावर बसतो, आपल्या सामानाची पेटी पुढे करतो, हात हलवून निरोप घेतो आणि गायब होतो. नेम धरणं तेच, टिपल्याचा आनंदही तोच. फक्त ज्याला मारलं, तोच तुम्हाला टाटा करतो! मारण्याचं ओझं याहून हलकं करता येईल असं मला वाटत नाही. रक्ताच्या चिळकांडीपेक्षा मला हे जास्त भयंकर वाटतं. म्हणून ‘यात रक्त आहे का?’ असं पालक विचारतात, तेव्हा मी म्हणतो, तासभर शेजारी बसा आणि मेलेल्याचं पुढे काय होतं ते बघा.

आता २०१४ चा पोलिश गेम घ्या, ‘धिस वॉर ऑफ माइन’. वेढा पडलेल्या शहरात तुम्ही सैनिक नसता, जीव मुठीत धरून राहणारे साधे नागरिक असता. एका घरात एक म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधं आहेत आणि प्रतिकार करायची ताकद नाही. लुटायला एक गोळीही लागत नाही. पण लुटून परत आलात की तुमचं पात्र खचतं, काय केलं हे आठवून झुरत राहतं. गेम ते विसरू देत नाही. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या शिफारस-यादीत घेतला, पुस्तकांच्या बरोबरीनं.