फसवलंत, पण छान फसवलंत

(अंधार. मोबाईलचा निळसर उजेड. एक अंगठा भराभर टाईप करतोय.)

पहाटेचे साडेतीन. पुस्तक संपलंय, झोप उडालीय आणि राग आलाय. अशा वेळी वाचक काय करतो? लेखकाला लिहितो.

"सकाळी आठला माझी मीटिंग आहे. तिथे मी डुलक्या काढणार, आणि त्याला जबाबदार तुम्ही. पाच तारे."

थरारकादंबरी लिहिणाऱ्याला याहून गोड शिवी मिळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या फिल्ममध्ये जो लेखक दिसेल तो कुणी एक माणूस नाही. टेबल आमच्या स्टुडिओतलं आहे, चष्मा आमच्या कॅमेरामनचा. पडद्यावर येणारे अभिप्रायही आम्हीच लिहिलेत. त्यांची वळणं मात्र खरी आहेत. स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्या कुठल्याही लेखकाला ती लगेच ओळखू येतील. बाकी ज्यांची नावं घेऊ, ती माणसं आणि त्यांच्या गोष्टी खऱ्या आहेत.

(टेबल. लॅपटॉप. चहाचा कप कधीचा गार झालेला.)

तर हा आमचा लेखक. प्रकाशक नाही. लिहितो स्वतः, मुखपृष्ठ कुणाकडून तरी करून घेतो, फाईल स्वतः चढवतो. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने किंडल, म्हणजे ई-पुस्तक वाचायचं यंत्र, बाजारात आणलं, आणि त्याच सुमारास कुणालाही आपलं पुस्तक थेट विक्रीला ठेवता येईल अशी सोयही केली. तोवर लेखक आणि वाचक यांच्यामध्ये बरीच माणसं उभी असायची. संपादक, मुद्रितशोधक, वितरक, वर्तमानपत्रातला परीक्षक. यातले बरेचसे एका झटक्यात बाजूला झाले.

लेखकाला वाटलं, सुटलो. पण संपादकाच्या टेबलावर जी चूक गळून पडली असती, ती आता थेट वाचकाच्या हातात पडते. आणि वाचक काही संपादकासारखा पेन्सिलीने समासात हळूच खूण करत नाही. तो चारचौघांत सांगतो.

कधीकधी यातून भलं होतं. अमेरिकेतले अँडी वीअर 2009 पासून आपल्या वेबसाईटवर एक कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकत होते. मंगळावर एकटा अडकलेला माणूस, आणि त्याला जगवणारं विज्ञान. वाचणाऱ्यांत विज्ञान कळणारे पुष्कळ होते. रसायनशास्त्रातली चूक दिसली की ते कळवायचे, वीअर दुरुस्त करायचे. 2011 मध्ये वाचकांच्याच आग्रहावरून ती किंडलवर आली, 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली, पुढच्या वर्षी सिनेमा निघाला. 'द मार्शियन'.

एक चूक मात्र त्यांनी ठेवली. गोष्टीची सुरुवातच ज्या वादळाने होते, ते वादळ मंगळावर तसं होऊ शकत नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. अशा विरळ वाऱ्याला माणूस उडवता येणार नाही. वीअर यांना हे ठाऊक होतं, त्यांनी ते उघड कबूलही केलंय. गोष्टीला वादळ हवं होतं. म्हणजे वाचकाचं कुठे ऐकायचं आणि कुठे कानावर हात ठेवायचे, हे शेवटी लेखकालाच ठरवावं लागतं.

आमच्या लेखकाची अडचण याहून गुंतागुंतीची आहे, कारण तो एक नाही, तीन प्रकारचं लिहितो. थरारकथा. काळोख्या अद्भुत जगाच्या कादंबऱ्या, म्हणजे ज्याला डार्क फँटसी म्हणतात ते. आणि प्रवासवर्णनं. तिन्हींवर नाव एकच. आणि तिन्ही वाचक त्याला तीन वेगवेगळे प्रश्न विचारतात.

(पडदा काळा. पांढरी अक्षरं उमटतात : "खेळ सरळ खेळलात का?")

हा थरारकथेच्या वाचकाचा प्रश्न. त्याला फसायचं असतं. त्यासाठीच तो आलेला असतो. पण नियमाने फसवा, असं त्याचं म्हणणं. मागे वळून पाहिलं की धागा तिथे दिसायला हवा. दिसला, की तो हसून लिहितो, "फसवलंत, पण छान फसवलंत." नाही दिसला, की एक तारा.

हे भांडण जुनं आहे. 1926 मध्ये अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आली आणि तिच्या शेवटावरून बरेच वाचक भडकले. ही लबाडी आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवट काय ते मी सांगणार नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांचा मला आत्ता हेवा वाटतोय. डोरोथी सेयर्स या स्वतः रहस्यकथा लिहिणाऱ्या; त्यांनी ख्रिस्तींची बाजू घेतली. सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचंच काम, असा त्यांचा युक्तिवाद. तीन वर्षांनी, 1929 मध्ये, रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी रहस्यकथेसाठी चक्क दहा आज्ञा लिहिल्या. गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटला पाहिजे. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. जुळी भावंडं आयत्या वेळी काढायची नाहीत. हे धर्मगुरू स्वतःही रहस्यकथा लिहायचे, त्यामुळे आज्ञा थोड्या डोळा मारून लिहिलेल्या. पण आजचा एक ताऱ्याचा अभिप्राय उघडा. त्यात बहुतेक यांपैकीच एखादी आज्ञा मोडल्याची फिर्याद असते. "जुळा भाऊ? खरंच? चारशे पानांनंतर?"

थरारकथेच्या वाचकाचं आणखी एक दुखणं : आवडता माणूस मारायचा नाही. 1893 च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला राइशेनबाखच्या धबधब्यात लोटलं. कंटाळले होते त्याला. एका बाईंच्या पत्राची सुरुवातच "अरे पशू!" अशी होती, ही आठवण डॉयल यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलीय. दहा वर्षांनी, 1903 मध्ये, होम्स जिवंत होऊन परत आला. मेलेला माणूस परत आणायला लावणारा वाचक! संपादकाचीही एवढी छाती झाली नसती.

(नकाशा. हाताने काढलेला. डोंगर, एक नदी, आणि नदीच्या पलीकडे काहीच नाही.)

डार्क फँटसीचा वाचक मात्र मरणाला घाबरत नाही. मारा, म्हणतो तो; पण फुकट मारू नका. आणि नियम पाळा. तुम्ही म्हणालात ना, मंत्र टाकला की टाकणाऱ्याच्या आयुष्यातलं एक वर्ष कमी होतं? मग तिसऱ्या भागात त्या चेटकिणीने एका रात्रीत चाळीस मंत्र टाकले, ती म्हातारी का झाली नाही? या वाचकाकडे वही असते. खरोखरची वही. राजवंश, चलनं, चंद्र किती, कुणाचा कुठला डोळा गेला.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या एका घोड्याने दोन पुस्तकांच्या मध्ये लिंग बदललं. घोडी होती, घोडा झाला. वाचकांनी पकडलं, आणि मार्टिन हा किस्सा स्वतःच सांगतात. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्यांच्या जगाची नोंद ठेवणाऱ्या एलिओ गार्सिया या वाचकालाच ते बारीकसारीक तपशील विचारू लागले. पुढे 2014 मध्ये त्या जगाचा इतिहास सांगणारा ग्रंथ निघाला, त्यावर मार्टिन यांच्या जोडीला गार्सिया आणि लिंडा अँटनसन यांचीही नावं आहेत. दोघंही मुळात वाचक.

पण वहीवाला वाचक तगादाही लावतो. पुढचा भाग कधी? आमच्या लेखकाला असे अभिप्राय येतात ज्यात पुस्तकाबद्दल एक शब्द नसतो, फक्त तारखेची चौकशी असते. माझं मत विचाराल तर पुस्तक विकत घेतल्याने लेखकाच्या पुढच्या वर्षावर हक्क मिळत नाही. पण "मालिका, भाग पहिला" असं मुखपृष्ठावर छापणाऱ्याने थोडं ऐकून घ्यावं, एवढं खरं. उधारी त्यानेच लिहून दिलीय.

(ताऱ्यांची रांग. एकावर बोट थबकतं.)

मध्येच ताऱ्यांबद्दल. सगळीकडे दोन तारे म्हणजे नापास. पण गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाईटवरच्या मूळ खुणा पाहा. तिथे एक तारा म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, आणि तीन म्हणजे आवडलं. त्या हिशेबाने वाचक "ठीक आहे" म्हणून दोन तारे देतो आणि लेखक रात्रभर तळमळतो. चूक कुणाचीच नाही. तीन ताऱ्यांचा अभिप्राय आमच्या लेखकाने सगळ्यात जपून वाचावा असं मला वाटतं. पाचवाला प्रेमात असतो, एकवाला रागात. तीनवाला शांतपणे लिहितो, की मधली साठ पानं उडवली असती तरी चाललं असतं. तो बहुधा बरोबर असतो.

खोटे अभिप्रायही असतात. 2012 मध्ये इंग्लंडमधला एक नावाजलेला रहस्यकथाकार पकडला गेला. टोपणनावाने स्वतःच्या पुस्तकांची तारीफ आणि इतरांची निंदा लिहायचा. त्याने माफी मागितली. निंदकाचे घर असावे शेजारी म्हणतात खरं, पण निंदक आणि भाट दोन्ही आपणच होऊन बसायचं, हे जरा अतीच.

(रस्ता. गाडीच्या काचेतून. काचेवर पावसाचे थेंब.)

आता प्रवासवर्णन. इथे वाचकाचा प्रश्न सगळ्यात साधा आणि सगळ्यात बोचरा : खरंच गेला होतात का?

कादंबरीत खोटं चालतं. किंबहुना त्याचेच पैसे मिळतात. प्रवासवर्णनात तीच हातचलाखी गुन्हा ठरते. जॉन स्टाइनबेक यांनी आपल्या चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन केलेल्या अमेरिकाभ्रमणाचं पुस्तक 1962 मध्ये आलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी एक पत्रकार त्याच मार्गाने गेला, तारखा जुळवल्या, मुक्काम तपासले, आणि म्हणाला की यातलं बरंच रचलेलं दिसतंय. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच वाचकाला सावध केलं गेलं, की हे फार शब्दशः घेऊ नका. लोक अजूनही ते पुस्तक प्रेमाने वाचतात. बहुधा कुत्र्यासाठी.

आमच्या लेखकाची पंचाईत इथे दुप्पट होते. हा माणूस थरारकथा लिहितो हे वाचकाला माहीत असतं. त्यामुळे प्रवासात त्याला एखादा विचित्र सहप्रवासी भेटला, की लगेच शंकेची पाल चुकचुकते. "हा माणूस तुमच्या दुसऱ्या कादंबरीतला वाटतो." गंमत अशी, की असेलही. आधी आगगाडीत भेटला असेल, मग कादंबरीत गेला असेल. पण हे सिद्ध कसं करणार?

आणि चुकीच्या दारातून आलेला वाचक वेगळाच. थरारकथा आवडली म्हणून त्याने त्याच नावाचं प्रवासवर्णन घेतलं. "बोटीवरची शंभर पानं झाली. अजून कुणी मेलं नाही. दोन तारे."

याच कारणाने अनेक लेखक प्रत्येक प्रकाराला वेगळं टोपणनाव घेतात. आमच्याने घेतलं नाही. तो हट्टी आहे, किंवा आळशी. फिल्म करताना आम्हालाही ठरवता आलं नाही.

(जुना नकाशा. टँजियर. तिथून एक रेघ निघते आणि पूर्वेकडे सरकत राहते.)

प्रवासवर्णनाला मिळालेला मला सगळ्यात आवडलेला अभिप्राय साडेसहाशे वर्षांहून जुना आहे. इब्न बतूता हा प्रवासी 1325 मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरहून निघाला. फिरत फिरत दिल्लीला आला, महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला, पुढेही खूप फिरला. परत मोरोक्कोला पोचल्यावर त्याने तिथल्या दरबारात दिल्लीच्या सुलतानाच्या गोष्टी सांगितल्या. स्वारी राजधानीत परतते तेव्हा गर्दीवर नाण्यांच्या थैल्या उधळल्या जातात, वगैरे. दरबारी मंडळी आपापसांत कुजबुजली, थापा मारतोय.

हे आपल्याला इतिहासकार इब्न खल्दूनमुळे कळतं. त्यालाही शंका होती. ती त्याने वजिराला बोलून दाखवली, तेव्हा वजिराने त्याला एक गोष्ट सांगितली. एका वजिराला राजाने कैदेत टाकलं. बरोबर लहान मुलगा. मुलगा तुरुंगातच वाढला. मोठा झाल्यावर विचारू लागला, आपण खातो ते मांस कशाचं? बाप म्हणाला, मेंढीचं. मेंढी म्हणजे काय? बापाने वर्णन केलं. मुलगा म्हणाला, म्हणजे उंदरासारखी का? बाप म्हणाला, अरे, मेंढी कुठे आणि उंदीर कुठे! मग गाईचं तसंच, उंटाचं तसंच. पोराने तुरुंगात जनावर म्हणून पाहिला होता तो उंदीरच.

(पुन्हा टेबल. लॅपटॉपवर एक नवा अभिप्राय उघडलेला.)

आमच्या लेखकाने ही गोष्ट वाचली तेव्हा तो खूष झाला. न पटलेल्या प्रत्येक वाचकाला पाठवावी, असंही त्याच्या मनात आलं. नाही पाठवली ते बरं झालं. कारण त्याच आठवड्यात प्रवासवर्णनावर एक अभिप्राय आला. लिहिणारी बाई पुस्तक हातात घेऊन त्याच वाटेने गेली होती. तिने लिहिलं, "मनोऱ्याच्या पायऱ्या एकशे बारा नाहीत. मी दोनदा मोजल्या. नव्वद आहेत. बाकी सगळं तुम्ही म्हणता तसंच आहे, उजेडसुद्धा."

तो जुनी टिपणवही शोधतो. सापडते. त्या दिवसाच्या पानावर पायऱ्यांचा आकडाच नाही. फक्त एवढंच : पाय दुखले.

(फाईल उघडते. कर्सर "एकशे बारा" वर येऊन थांबतो.)