कोरडी जागा : साताऱ्याच्या थंडीत प्राण्यांचा निवारा

(दृश्य : पहाट. पत्र्याच्या शेडचं छत, अगदी जवळून. एक थेंब लोंबतोय.)

पहाटे पाचच्या सुमाराला पत्रा ठिबकायला लागतो. बाहेर पावसाचा पत्ता नाही. आत झोपलेल्या चाळीस कुत्र्यांच्या श्वासाची वाफ रात्रभर वर चढते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन त्यांच्याच पाठीवर पडते.

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10-12 अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे सरकतो. धडधाकट मोठं कुत्रं 10 अंशांना दाद देत नाही. ते आजारी पडतं ते ओल्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडी, उपाशी झोपल्यावर. म्हणून हिवाळ्यात आधी लागते ती कोरडी जागा. ऊब त्यानंतर.

(दृश्य : शेडच्या उघड्या बाजूला फ्लेक्सचे पडदे.)

उघड्या बाजूंना लावलेले हे पडदे म्हणजे चौकातून उतरवलेले वाढदिवसाचे फ्लेक्स. शुभेच्छुकांचे फोटो आतल्या बाजूला, कुत्र्यांची काही तक्रार नाही. एक गोष्ट मात्र पाळायची : फ्लेक्स वरपर्यंत घट्ट ताणायचा नाही. छताखाली वीतभर फट सोडायची. ऊब राहावी म्हणून ती बुजवली, की वाफ कोंडते, लघवीचा उग्र वास साठतो आणि आठवड्याभरात अख्खं शेड खोकायला लागतं. एकाला लागलेला खोकला कोंदट हवेत सगळ्यांना लागतो.

फरशी धुण्याची वेळही बदलायची. उन्हाळ्यात सकाळी सातला धुतलेलं चालतं. थंडीत अकरानंतर धुवायचं, वायपरने पाणी ओढायचं आणि उन्हं कलायच्या आत जमीन खडखडीत वाळवायची.

(दृश्य : आडवे ठेवलेले निळे ड्रम. करवतीने कापलेलं तोंड.)

झोपायला 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम. भंगारवाल्याकडे मिळतो, पण आत आधी काय होतं ते विचारूनच घ्यायचा. तेल किंवा सरबताचा चालेल. कीटकनाशकाचा किंवा ॲसिडचा फुकट मिळाला तरी नको, कारण तो कितीही धुतला तरी वास राहतो. तोंड पूर्ण कापायचं नाही. बारा-चौदा इंचांचं भोक पाडायचं आणि खाली चार इंच उंबरा ठेवायचा, म्हणजे पेंढा बाहेर सांडत नाही. कापलेल्या कडेवर पाण्याच्या जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा बसवायचा, नाहीतर पहिल्याच रात्री कुणाचं तरी पोट खरचटतं. ड्रम घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा, पाठ भिंतीला, तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन थेट आत येतं.

ड्रमखाली एमआयडीसीतल्या कारखान्यांतून टाकून दिलेली लाकडी पॅलेट, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. पॅलेटवरचा शिक्का वाचायचा. ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला विषारी धुरी दिलेली असते, ते घ्यायचं नाही.

(दृश्य : टेम्पोतून उतरणारा भाताचा पेंढा.)

आत अंथरायला भाताचा पेंढा. पाटण-जावळीकडे दिवाळीच्या मागेपुढे भाताची झोडणी होते, पेंढ्याचे ढीग लागतात आणि तेव्हाच तो मागायचा. गव्हाचं काड हाती येईपर्यंत थंडी संपलेली असते. उसाचं पाचट जिकडेतिकडे पडलेलं असतं खरं, पण त्याच्या पात्याला करवतीसारखी धार असते आणि पिल्लांच्या पोटाची कातडी कागदासारखी.

हिशोब असा : एका ड्रमला 3 किलो पेंढा, दर दहा दिवसांनी नवा. 30 ड्रम, चार महिने. एक टनाच्या पुढेच जातं. तो ठेवायलाही कोरडी जागा हवी. भिजलेल्या पेंढ्याला बुरशी धरते आणि ती नाकात जाते.

आता वाकळीचं. थंडी पडली की लोक सगळ्यात आधी जुन्या वाकळा घेऊन येतात. मायेनं आणतात, म्हणून नाही म्हणणं जिवावर येतं. पण म्हणावं लागतं. वाकळ लघवी शोषते, वाळायला दोन दिवस घेते, आणि पिल्लं तिचे टाके उसवून दोरा गिळतात. लांब दोरा आतड्यात अडकला तर पोट उघडल्याशिवाय निघत नाही. वाकळ देणाऱ्याकडे त्याऐवजी रिकामं बारदान मागावं. त्यात पेंढा भरून तोंड दुमडलं की गादी तयार, आणि झटकून उन्हात टाकली की संध्याकाळपर्यंत कोरडी.

(दृश्य : खोका. एकावर एक चढून झोपलेली सहा पिल्लं.)

भाद्रपदात कुत्र्यांना काय होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्यात गाभणपणाचे 63 दिवस मिळवा. कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन गारठ्यात पिल्लं जन्मतात आणि दाराशी पोत्यांतून येऊन पडतात. निवाऱ्याचा हिवाळा खरा इथे सुरू होतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याच्या अंगालगत 30 अंश लागतात. थर्मामीटर भिंतीला नको, खोक्याच्या तळाशी हवा. वर दीड-दोन फुटांवर जाळी लावलेला 60 वॅटचा जुना पिवळा दिवा, तोही खोक्याच्या एकाच टोकाला. दुसरं टोक गार राहू द्यायचं, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. एलईडी लावून उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लं एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, कडेकडेला पांगून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. सैलसर शेजारी-शेजारी झोपली असतील तर बरोबर आहे.

लाइट गेली की पाण्याच्या बाटल्या. हाताला सोसवेल इतकं गरम पाणी, बूच घट्ट, वर जुना मोजा. तीन तासांनी बदलायचीच, कारण गार झालेली बाटली उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसला तरी तो पिल्लांना मारतो, आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही.

सगळ्यात जास्त पिल्लं दगावतात ती एका चुकीने : गारठलेल्या पिल्लाला घाईने दूध पाजणं. अंग 35 अंशांच्या खाली गेलं असेल तर आतडी चालत नाहीत. दूध पोटातच नासतं किंवा श्वासनलिकेत उतरतं. आधी ऊब, तीही हळूहळू, तास-दोन तास घेऊन. मग दूध. पाजताना पिल्लू पोटावर, आईला लुचतं तसं, तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. नुसतं गाईचं दूध पातळ पडतं आणि त्याने जुलाब लागतात, म्हणून पिल्लांसाठीची तयार दूधपावडर आणायची. पैशाने मदत करायची असेल, तर ती इथे लागते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजणं, पाजल्यावर ओल्या कापसाने पुसून शी-शू करवणं, आणि रोज सकाळी त्याच वेळी किचनच्या काट्यावर वजन. वजन थांबलं, की दुखणं दिसायच्या आधीच कळतं.

(दृश्य : वेगळी खोली. दाराबाहेर चपलांचा वेगळा जोड.)

पुढचा धोका पार्व्हो या विषाणूचा. रक्ताची हगवण, उलट्या, दोन दिवसांत पिल्लू संपतं. बाहेरून दिसायला ठणठणीत असलेलं नवं पिल्लूही 14 दिवस वेगळं ठेवायचं. त्याची भांडी, झाडू, चपला सगळं वेगळं. कामाचा क्रम आधी निरोगी पिल्लं, शेवटी आजारी. फिनाइलने हा विषाणू मरत नाही, नुसता वास चांगला येतो. आधी घाण धुऊन काढायची, मग 5 टक्क्यांचं ब्लीच, 15 लिटरच्या बादलीला अर्धा लिटर, आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. रोज ताजं कालवायचं, कालचं निम्मं मेलेलं असतं. त्यात संडासचं ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. पार्व्होच्या खोलीतला पेंढा जाळायचा.

(दृश्य : चुलीवर मोठं पातेलं. कणीला आलेली उकळी.)

सरासरी 15 किलोच्या 40 कुत्र्यांना रोज 6 किलो तांदळाची कणी, चिकन सेंटरवरून आणलेली 4 किलो मुंडी-काळीज, 2 किलो भोपळा, आणि थंडीपुरतं 400 मिली तेल. मीठ-मसाला नाही. जास्तीचा वाटा संध्याकाळी द्यायचा, म्हणजे रात्रीला पोट भरलेलं राहतं.

तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांचे फोन सुरू होतात. उरलेला साधा भात, चपात्या, भाकरी आनंदाने आणाव्यात, तेही दोन तासांच्या आत. बंद पिंपात रात्रभर राहिलेला भात आंबतो. रस्सा नको. आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यातला कांदा आणि लसूण, दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिरा आणि पुलावही नको, त्यातले बेदाणे मूत्रपिंडावर जातात. हे सगळं कार्यालयाच्या आचाऱ्याला एकदा समोर बसून सांगावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी तो वाचत नाही.

याच दिवसांत ऊसतोडीच्या गाड्यांचे बैल येतात, जुवाने खांदा सुजलेले. ते इथे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना जनावरांचा डॉक्टर लागतो आणि मालकाला खाड्याची मजुरी. वर्गणीतले चार पैसे तिकडे गेलेले बरे.

(दृश्य : गल्ली. बंद दुकानाच्या पायरीखाली ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. आत कुत्री आणि पिल्लं.)

गल्लीकडून मिळणारी सगळ्यात मोठी मदत म्हणजे पिल्लं निवाऱ्यात न आणणं. आई जिवंत असेल तर जागेवरच एक खोकं, आत पेंढा, वर फ्लेक्स आणि आईला दिवसातून तीनदा खाणं. तिचं दूध आणि तिची ऊब निवाऱ्याला जमत नाही. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली की लस, दूध तुटलं की कुत्रीची नसबंदी, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे तिला पुन्हा त्याच गल्लीत सोडणं. थंडीत शस्त्रक्रियेनंतर पोटावरचे केस कापलेले असतात आणि भुलीने अंग गार पडलेलं असतं. संध्याकाळी सोडायचं नाही, सकाळी ऊन चढल्यावरच.

(दृश्य : फाल्गुन. रिकामे ड्रम उन्हात.)

होळीच्या सुमाराला पेंढा काढायचा, ड्रम धुऊन उपडे ठेवायचे. फ्लेक्स उतरवायचे आणि पाण्याच्या कुंड्यांवर सावलीला बांधायचे.