प्रभूच्या कृपेनं बरं आहे

(दृश्य: रविवार, सकाळी आठचा सुमार. नाशिकचा शरणपूर रोड. दुकानांची शटरं खाली. चर्चच्या फाटकातून स्कूटर आत येताहेत. घंटेचा आवाज.)

आठवडाभर या रस्त्यावर हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. रविवारी सकाळी घंटा ऐकू येते. फाटकापाशी हात पुढे होतात. जुनी माणसं म्हणतात "सलाम", तरुण म्हणतात "जय ख्रिस्त". मग प्रश्न येतो, "कसं काय?" उत्तर ठरलेलं असतं, "प्रभूच्या कृपेनं बरं आहे."

हे उत्तर मी सहा महिने दिलं. त्यातला एकही रविवार बरा नव्हता.

(दृश्य: रस्त्यावरच्या पाट्या. 'शरणपूर' ही अक्षरं जवळून.)

शरणपूर. आज हा पत्ता आहे, कॅनडा कॉर्नरच्या अलीकडे की पलीकडे एवढंच आपण विचारतो. पण १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. ज्यांना घरच्यांनी, गावानं बाहेर काढलं, त्यांनी इथं शरण यायचं. आले तेही कुठून कुठून! आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून नेलेली मुलं इंग्रजी आरमारानं समुद्रावर सोडवली आणि त्यांतली कितीतरी इथं आणली. इथं ती सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. नंतर आफ्रिकेत तो मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तांड्यात होता. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती या जेकबनं, आणि झाडाच्या सालीवर नाव कोरलं तेही त्यानंच. पुढे तो शवासोबत लंडनपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, तेव्हा पेटीजवळ नाशिकला वाढलेला हा मुलगा होता.

ही गोष्ट आम्हाला संडे स्कूलमध्ये अभिमानानं सांगायचे. मला मात्र अलीकडे वेगळंच डोळ्यांपुढे येतं. जहाजातून उतरलेलं आठ-दहा वर्षांचं पोर, आईबाप कुठं ते ठाऊक नाही, आणि समोरचा माणूस विचारतोय, "कसं काय?"

(दृश्य: अंबडची औद्योगिक वसाहत. शिफ्ट सुटल्याचा भोंगा.)

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं होतो. एका सोमवारी गेटवर यादी लागली, तीत माझं नाव होतं. घरी सांगायला मला चार दिवस लागले. तोवर डबा घेऊन निघायचो आणि गोदाघाटावर बसून तो खायचो. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, तर सांगितलंच नाही. कारण आपल्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे, पण ती संकट सरल्यावर. "ऑपरेशन होतं, प्रार्थना केली, प्रभूनं सोडवलं." सगळे आमेन म्हणतात, मीही म्हणतो, मनापासून. पण ज्याचं अजून सुटलेलं नाही त्यानं कुठं उभं राहायचं? मग रविवारी चर्चला जायचं टाळायला मी पाय दुखतोय असं सांगू लागलो. पुढं तेही सांगणं बंद झालं.

(दृश्य: उघडलेलं पवित्र शास्त्र. पानांच्या कडा पिवळ्या. बोट ओळीवरून फिरतंय.)

घरी बसून स्तोत्रं वाचली. दीडशे स्तोत्रं आहेत, पण आपण फिरून फिरून तेविसाव्यावर येतो. मेंढपाळ, हिरवी कुरणं. तेरावं काढून बघा. देवा, तू कुठवर मला विसरणार, असं ते थेट विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपही नाही. तरी ते शास्त्रात आहे. ते कुणी काढून टाकलं नाही.

आणि आपल्याच नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म इथल्याच जलालपूरचा. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. रडल्या, चिडल्या, वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांनी पुढे जशीच्या तशी लिहिली, कुठं साखर घातली नाही. त्यांच्या कविता आम्ही मंडळीत कौतुकानं वाचतो. पण तसं खरं बोलणारी बाई आज आमच्या महिला मंडळात उभी राहिली, तर आम्ही तिच्यासाठी उपवासप्रार्थना ठेवू, असं मला आपलं वाटतं.

(दृश्य: हंगामाचा सण. वेदीपुढे भोपळे, द्राक्षांचे घड, गव्हाची पोती, पाय बांधलेली कोंबडी.)

परत आलो तो हंगामाच्या सणाला, तेही बायकोच्या आग्रहानं. रिकाम्या हातानं शेवटच्या बाकावर बसलो. शेजारच्या मावशींनी पिशवीतून कोथिंबिरीची एक जुडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "ही तुझी. जा, ठेवून ये." मी ठेवली.

उपासनेनंतर लिलाव. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगतो, इथं भाव बाजाराला विचारून ठरत नाही. एक अंडं शंभराला जातं. माझी जुडी तीसला गेली. घेणाऱ्यानं ती मंडळीला परत दिली. पुन्हा बोली, साठ. पुन्हा परत. तिसऱ्या वेळेपर्यंत बिचारीनं माना टाकल्या होत्या, तरी नव्वद आले.

(दृश्य: चर्चच्या मागची लाकडी पेटी. कागदाच्या घड्या.)

ही विनंतीची पेटी. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकसाहेब यातल्या चिठ्ठ्या वाचतात. भाषा ठरीव असते. "एक बहीण, घरगुती अडचण." म्हणजे नवरा पितो, हे साऱ्या मंडळीला कळतं आणि सगळे माना खाली घालतात. "एक भाऊ, नोकरीविषयी." त्या आठवड्यात मी नाव घालून लिहिलं. नोकरी गेली आहे, रात्री झोप लागत नाही, प्रार्थना करावीशी वाटत नाही. पाळकसाहेबांनी चिठ्ठी उघडली, चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सगळी वाचली, शेवटचं वाक्यसुद्धा.

(दृश्य: उपासनेनंतरचा चहा. कागदी कप.)

चहाच्या वेळी एकानं सातपूरच्या वर्कशॉपचा नंबर दिला. एका काकूंनी दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. तिसरे एक गृहस्थ, ज्यांच्याशी माझं कधी सलामापलीकडे बोलणं झालं नव्हतं, चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला दोन वर्षं झाली."

सातपूरचं काम काही झालं नाही. जायफळाचा थोडा उपयोग झाला.