लवकर म्हातारी होणारी ग्रंथी

श्रोतेहो, नमस्कार.

म्हातारपण म्हटलं की गुडघे आठवतात. पण छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. ती आपण शाळेत असतानाच आक्रसू लागते आणि साठीपर्यंत तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते. 1961 पर्यंत ती निरुपयोगीच समजली जाई. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, आणि ते उंदीर संसर्गांपुढे टिकेनात. अस्थिमज्जेतल्या कच्च्या पेशी या ग्रंथीत येऊन टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होतात. निवड इतकी कडक, की आलेल्यांपैकी बहुतेक तिथेच मरतात.

आता जनुकाची गोष्ट. 1962 च्या सुमारास ग्लासगोच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अंगावर केस नसलेले उंदीर जन्मले. 1968 मध्ये लक्षात आलं, की त्यांना थायमसही नाही. केस आणि प्रतिकारशक्ती, काय संबंध? उत्तर 1994 मध्ये मिळालं: फॉक्स-एन-वन हे एकच जनुक बिघडलं होतं. थायमसचा सांगाडा उभारणाऱ्या पेशींना हेच जनुक कामाला लावतं.

वय वाढतं तसं थायमसमध्ये हे जनुक मंदावतं. मग एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी म्हाताऱ्या उंदरांमध्ये ते पुन्हा जोरात चालू केलं. 2014 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आक्रसलेली थायमस वाढली, तिची रचना सुधारली आणि नव्या टी-पेशी बनू लागल्या. मला तरी यात मोलाचं वाटतं ते हे, की ही झीज एकेरी वाट नाही.

माणसामाणसांतही फरक असतो. फ्रान्समध्ये 1000 निरोगी प्रौढांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच निघालेल्या टी-पेशींच्या खुणा मोजल्या. वयाबरोबर त्या घटतात, हे अपेक्षितच. पण स्त्रियांमध्ये त्या पुरुषांपेक्षा जास्त आढळल्या. शिवाय टी-पेशी जंतू ज्यानं ओळखतात त्या प्रथिनाच्या जनुकाजवळ डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकानं थायमसच्या वयात दीड दशकाहून अधिक अंतर पडत होतं!

म्हणून एकाच घरातल्या दोन आजोबांचं सारखंच होईल असं नाही. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी म्हातारपणीही शाबूत असतात. अडचण होते ती अनोळखी विषाणू आला की, कारण नव्या टी-पेशी कमी बनतात. लसीलाही मग प्रतिसाद कमी मिळतो. काही देशांत पासष्टीपुढच्यांना फ्लूची जास्त मात्रेची लस देतात ती याचसाठी. आणि थायमस तरुण करणारी गोळी कुणी विकायला आलं, तर विचारा: उंदरांसाठी की माणसांसाठी?