मुहमालाई : जिथे डिटेक्टरपेक्षा दाताळं भरवशाचं

श्रीलंकेच्या उत्तरेला, कँडीहून जाफन्याला जाणाऱ्या ए-9 रस्त्यालगत मुहमालाई आहे. लष्कर आणि तमिळ बंडखोर संघटना एलटीटीई यांच्या आघाड्या इथे वर्षानुवर्षं समोरासमोर होत्या. मे 2009 मध्ये युद्ध संपलं, पण पेरलेले भूसुरुंग जमिनीतच राहिले.

ते शोधायला मेटल डिटेक्टर आणला, तर तो इथे फसतो. काडतुसांच्या पुंगळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे, काटेरी तार... तो पावलागणिक वाजतो. आणि ज्याच्यासाठी वाजायला हवा तो पाकिस्तानी बनावटीचा पी-4 सुरुंग जवळजवळ सगळा प्लास्टिकचा. त्यात स्फोटक सुमारे 30 ग्रॅम. पाऊल उडवायला तेवढं पुरतं.

म्हणून दाताळं. आधी सुरक्षित बाजूला चर खणायचा, सुरुंगांच्या खोलीपेक्षा थोडा खाली. मग चराच्या उभ्या कडेवर काम सुरू. जड दाताळ्याने माती सैल करायची, हलक्याने ती आपल्याकडे ओढायची. दात सुरुंगाच्या कुशीला लागले तर चालतं, माथ्यावर दाब पडता कामा नये. उन्हाळ्यात माती कडक झाली की वरून घाव घालायचा मोह होतो आणि घात तिथेच होतो. त्याआधी पाणी शिंपडून मुरू द्यावं. मुळं कापायची, उपटायची नाहीत. उपटलं तर शेजारचा सुरुंग हलू शकतो. घामाने मुखकवचावर वाफ धरते, तरी ते वर करायचं नाही. पुसायचं तर मागे, साफ झालेल्या पट्ट्यात येऊन.

हे काम करणाऱ्यांत स्थानिक तमिळ स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. घर चालवणारी कमाई बऱ्याचदा त्यांचीच.

खरी परीक्षा सुरुंग न सापडण्यात आहे. ते बहुधा ओळीत, ठरावीक अंतराने पेरलेले असतात. ओळ कळली की पुढची जागा कळते. तिथे काहीच नसेल तर? आधीच फुटला असेल, तर खड्डा किंवा प्लास्टिकचे तुकडे दिसायला हवेत. तेही नसतील, तर त्या जागेभोवती शोध वाढवायचा. एलटीटीईच्या जॉनी सुरुंगाची तर पेटीच लाकडी. ती कुजते, पण आतलं स्फोटक मातीत राहतं. या टप्प्यावर घाई करणाऱ्या पथकाच्या हाती जमीन देऊच नये.

सापडलेला सुरुंग स्फोटाने नष्ट होतो, स्वतंत्र तपासणी होते, मग जमीन मालकाकडे जाते. जाताना त्याला सांगावं लागतं की सफाई ठरलेल्या खोलीपर्यंतच झाली आहे. विहीर किंवा पाया खणताना संशयास्पद काही दिसलं, तर हात न लावता कळवायचं.